पान उलटून बघा

पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा जाड होतो. या खेपेला बहुतेक पत्रांचा शेवट एकच आहे: "ताई, यावर काय मारू?" त्याआधीचा प्रश्न, "ताई, हे आहे तरी कोण?", फार थोड्यांनी विचारलाय.

मी ३१ वर्षं एका कृषी महाविद्यालयात, कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. मुलांनी जाळीत धरून आणलेले किडे टाचणीला लावायचे, खाली नाव-गावाची चिठ्ठी लिहायची, पेटीत डांबरगोळी ठेवायची, हे माझं काम. निवृत्तीनंतर साताऱ्याला आले. गच्चीत कुंड्या आहेत, गळ्यात दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे आणि रोज सकाळी चहाच्या आधी मी पानं उलटून बघते. झाड खाणारा आणि झाड राखणारा हे दोघे बऱ्याचदा एकाच पानामागे सापडतात. बाटलीतल्या औषधाला दोघांतला फरक कळत नाही, तो आपल्यालाच कळून घ्यावा लागतो. म्हणून खालच्या उत्तरांत ओळख आधी आहे, उपाय नंतर.

"जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस धरला म्हणून दुकानदाराने दिलेलं औषध दोनदा फवारलं. आता त्या पांढऱ्यातले काही चांगले मोठे झालेत आणि हात लावला की पळतात. कीड आणखी माजली का? तिसरी फवारणी करू?"
– एक वाचक भगिनी, चिंचवड

ताई, बाटली फळीवर ठेवून द्या. तिसरी फवारणी नकोच.

शेंड्यांवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यात, कळीच्या देठाशी, पानाच्या बेचक्यात तो सोंड खुपसून बसतो आणि रस पितो. मादी जेमतेम तीन मिलिमीटरची, अंगावर मेणाची पूड. ती पळत नाही, काडीने ढोसलं तरी चार पावलं सरकते आणि थांबते. तुम्हाला दिसलेले मोठे आणि पळणारे हे दुसरेच कोणीतरी आहेत. त्यातला एक हलक्या हाताने पांढऱ्या बशीत घ्या. लांबी सेंटिमीटरभर, अंगावर विस्कटलेल्या मेणाच्या झिपऱ्या, आणि काडीने उलटा केला तर खाली करडं पोट आणि भराभर हलणारे सहा पाय. ही क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डच्या एका जातीची अळी. ती पिठ्या ढेकूणच खाते. त्याच्यासारखाच पोशाख करून त्याच्याच वस्तीत राहते आणि तो मेणाचा झगा मुंग्यांपासून तिचं रक्षण करतो. मोठी झाली की तिचा छोटासा गोल भुंगेरा होतो, पाठ काळपट आणि डोकं नारिंगी. तोही हेच खातो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांत खवले किडीचा बंदोबस्त व्हावा म्हणून १८९८ मध्ये तो भारतात आणला. ते काम त्याला जमलं नाही, पिठ्या ढेकणाचं मात्र फार छान जमलं.

तुमच्या पत्रातलं "मोठे आणि पळणारे" वाचताना माझ्या पोटात कालवलं, कारण हीच चूक मी केली आहे. २०१० च्या पावसाळ्यात आम्ही पुण्याला राहत होतो. अंगणात पपईची दोन झाडं होती. बघता बघता खोड, पानं, फळं सगळं पांढरं झालं, जणू कोणी चुन्याची बादली ओतली. पपईवरचा तो पिठ्या ढेकूण मूळचा मध्य अमेरिकेकडचा. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि दोन वर्षांत आपल्याकडे पोचला. मी पंधरा दिवसांत तीन वेळा जहाल औषध मारलं. मेणाखालच्या ढेकणाला त्याने फारसं काही झालं नाही. चौथ्या दिवशी झाडाखाली खराटा मारताना केराबरोबर काळे-नारिंगी भुंगेरे गोळा झाले, पाय वर करून पडलेले. ज्यांच्याखाली मी स्वतःच्या अक्षरात नावं लिहिली होती, तेच ते. पेटीत बघून ओळखणारी मी, झाडावर मला ते ओळखू आले नाहीत. त्या दिवसापासून भिंग गळ्यात आहे.

पपई वाचली ती औषधाने नाही. त्याच वर्षी बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून तीन जातींच्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या मागवल्या. त्यांतली असेरोफॅगस पपयी ही मिलिमीटरभरसुद्धा नसते. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, आतली अळी त्याला आतून खाते, मग ढेकूण फुगून कडक, तपकिरी होतो आणि पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. त्या माश्या सोडल्यावर वर्षभरात पपईच्या बागा सावरल्या. तुमच्या जास्वंदीवरही असे भोक पडलेले तपकिरी ढेकूण शोधा. दिसले तर समजा, मदत आली आहे.

आता करायचं काय, तर आधी मुंग्यांचा रस्ता तोडा. ढेकूण गोड चिकटा सोडतो, तो चाटायला मुंग्या येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकून लावतात. जास्वंदीच्या फांद्या भिंतीला किंवा ग्रिलला टेकत असतील तर छाटा, खोडाला चिकट पट्टी गुंडाळा, कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, पण कापण्यापूर्वी झिपऱ्यावाली अळी त्यावर असेल तर उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवा. उरलेल्यांवर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टेकवा. पानांवर काळी काजळी धरली असेल ती चिकट्यावर वाढलेली बुरशी आहे, ओल्या फडक्याने पुसून निघते.

आणि ढेकणांच्या वस्तीत पाचसहा मिलिमीटरचा, माकडाच्या तोंडासारखा दिसणारा कोष सापडला तर तो जपा. डोळे, नाक, सगळं असतं. ते एपफ्लाय नावाच्या लहानशा फुलपाखराचं बाळ. फुलपाखरांच्या अळ्या पानं खातात हे आपण शाळेत शिकलो, हिची अळी मात्र पिठ्या ढेकूण खाऊन वाढते.

"आमच्या कढीपत्त्यावर चिमणीची शीट पडली होती. दुसऱ्या दिवशी ती चालत होती! आई म्हणते फेकून दे. मी तिला पाळू का?"
– इयत्ता सहावीतला एक मित्र, लातूर

पाळ रे बाळा, जरूर पाळ. आईला हे पत्र वाचून दाखव.

ती लिंबाच्या फुलपाखराची किंवा कॉमन मॉरमॉनची अळी आहे. दोघींची आई कढीपत्त्यावर अंडी घालते, आणि लहानपणी दोघी पक्ष्याच्या शिटेसारख्याच दिसतात. काळपट, मध्ये पांढरा डाग, अंग ओलसर चकचकीत. शीट कोण खाणार? म्हणून पक्षी तिला सोडून देतात. ती चार वेळा कात टाकते. चौथ्या कातेनंतर बघशील तर एकदम हिरवीगार, पानाच्याच रंगाची. मग तिच्या डोक्यामागे बोटाने अगदी हळू टेकव. दोन नारिंगी-लालसर शिंगं फाटकन बाहेर येतील आणि कुजक्या लिंबासारखा उग्र वास सुटेल. ती शिंगं टोचत नाहीत, तिची तेवढीच हत्यारं. हे एकदाच कर, सारखं छेडू नकोस.

पाळायची कशी? रुंद तोंडाची बरणी घे, तोंडाला मलमलीचं फडकं आणि रबर. कढीपत्त्याची छोटी फांदी पाण्याच्या लहान बाटलीत खोच आणि बाटलीच्या तोंडाला कापूस दाब, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते. (माझ्या दोन बुडाल्या आहेत, म्हणून सांगते.) पानं तुमच्याच झाडाची दे. बाजारातल्या जुडीवर औषध असू शकतं. विष्ठेचे दाणे रोज काढ. दोनतीन आठवड्यांत ती एक दिवस खाणं सोडेल, पातळ शी करेल आणि बरणीभर फिरत सुटेल. आजारी पडली म्हणून घाबरू नकोस. ती जागा शोधते आहे. काडीला मागचं टोक चिकटवून ती कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि मागे रेलते. विजेच्या खांबावर चढलेला वायरमन पट्टा लावून रेलतो ना, अगदी तशी. कोष हिरव्या काडीवर बहुधा हिरवा होतो, वाळक्या काडीवर तपकिरी.

उन्हाळ्या-पावसाळ्यात आठदहा दिवसांनी कोष काळपट होईल आणि आतले पंख दिसू लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ऊठ. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा त्याचे पंख पिळलेल्या रुमालासारखे असतात. त्याला लटकायला खडबडीत काडी हवी, दीडदोन तास हवेत आणि तुझा हात अजिबात नको. पंख वाळले की फडकं काढ.

कधी कधी कोषाला भोक पडतं आणि फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण त्यांनाही त्यांची पिल्लं वाढवायची असतात, आणि त्या नसत्या तर कढीपत्त्याला एक पान उरलं नसतं.

आईची काळजी खरी आहे. कुंडीतलं लहान झाड असेल तर सहासात अळ्या ते बोडकं करतात. दोन ठेव, बाकीच्या शेजारच्या लिंबावर किंवा बेलावर सोड. लिंबाच्या फुलपाखराला बेलही चालतो. आणि याच घराण्यातलं काळं-निळं मोठं ब्ल्यू मॉरमॉन २०१५ पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. त्याची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. शाळेत सांग.

"गुलाबाच्या पानांच्या कडांना कर्कटकाने काढल्यासारखे गोल काप पडलेत. अळी कुठेच दिसत नाही. रात्री टॉर्च घेऊनही बघितलं."
– एक वाचक, नाशिक

दादा, रात्री नाही, सकाळी अकराच्या उन्हात खुर्ची टाकून बसा. पानकापी माशी येईल. ही मधमाशीच, पण एकटी राहणारी. पानाच्या कडेवर पाय रोवून जबड्याने कात्रीसारखा गोल काप घेते, काही क्षणांत तुकडा सुटतो आणि तो पोटाखाली धरून ती उडते. पान ती खात नाही. बांबूची पोकळी, भिंतीतलं खिळ्याचं जुनं भोक, टांगून ठेवलेल्या नळीचं तोंड असं कुठेतरी तिचं घर असतं. लांबट तुकड्यांचा ती विडा वळते, त्यात पराग आणि मध यांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि अगदी गोल कापलेल्या तुकड्यांचं झाकण लावते. मग त्याच्यापुढे दुसरा विडा. माझ्या गच्चीतल्या बांबूत एकापुढे एक सात निघाले होते, सगळ्या झाकणांचा घेर बांगडीच्या टिकल्यांसारखा सारखा.

गुलाबाला यातून काही होत नाही, फुलं तेवढीच येतात. आणि तुमच्या जिल्ह्यात तूर करणाऱ्याला विचारा, तुरीच्या फुलांना परागासाठी या माश्यांचा मोठा आधार असतो. ती दिसली तर पोटाकडे बघा. इतर मधमाश्या पराग पायावर वाहतात, ही पोटाच्या केसांवर वाहते, म्हणून पोट पिवळं दिसतं. बोटभर जाडीच्या चारसहा बांबूच्या नळ्या, एक तोंड बंद असलेल्या, पावसापासून आडोशाला बांधून ठेवा. गुलाबाची चार पानं द्यायची तेवढीच.

"वांग्याच्या पानामागे केसासारख्या दांड्या आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढुरका ठिपका आहे. बुरशी आहे का?"
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

बुरशी नाही, ती क्रायसोपाची अंडी आहेत, आणि ताई, तुम्ही पुसून टाकली नाहीत याबद्दल आभार. मादी पानावर चिकट थेंब टेकवते, पोट वर उचलून त्याचा धागा ओढते आणि टोकावर अंडं ठेवते. एवढा खटाटोप का, तर तिची पिल्लं जन्मतःच इतकी खादाड असतात की पहिलं निघालेलं शेजारचं अंडं खाऊन टाकेल. दांडीवर असलं म्हणजे ते आधी खाली उतरतं आणि समोर मावा सापडतो. चिमट्यासारखे जबडे मावा, फुलकिडे, पांढऱ्या माशीची पिल्लं यांच्या अंगात रोवून ते रस ओढतं. फिकट हिरवी, जाळीदार पंखांची, सोनेरी डोळ्यांची एक नाजूक माशी रात्री दिव्यावर येते ना, तीच मोठेपणीची क्रायसोपा. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत ही शेतकऱ्यांसाठी मुद्दाम वाढवतात, तुमच्याकडे आपणहून आली आहे.

"पावट्याच्या शेंगा काळ्या माव्याने भरल्या. चार दिवसांत एवढा आला कुठून?"
– एक वाचक, वाई

कुठून आला नाही, तिथेच जन्मला. माव्याच्या माद्यांना नर लागत नाही, अंडी घालावी लागत नाहीत. सरळ पिल्लं जन्मतात, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढची पिल्लं आधीच तयार होऊ लागलेली असतात. आठवड्याभरात ती आई होते. म्हणून दोन दिवस उशीर केला तर वेल काळा पडतो. सकाळी पाण्याची बारीक पण जोरदार धार शेंगांवर मारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. तीन दिवस ओळीने करा. माझी आई चुलीची चाळलेली राख दवावर भुरभुरवायची, तेही चालतं, फक्त फुलं चुकवा. आणि धार मारण्याआधी भिंगाने बघा. माव्यात बदामी, टरारून फुगलेले, न हलणारे दाणे दिसले तर ते परजीवी माशीने गाठलेले आहेत. ती शेंग तशीच ठेवा, तिच्यातून माश्या निघून बाकीचं काम करतील.

"गच्चीतल्या मिरचीला चुरडा-मुरडा आलाय. एक जण म्हणतो गंधक मार, दुसरा म्हणतो निंबोळी, तिसरा म्हणतो उपटून टाक. कोणाचं ऐकू?"
– एक वाचक, पंढरपूर

तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण चुरडा-मुरडा हे एका रोगाचं नाव नाही. आपल्याकडे मिरचीचं पान आकसलं की त्याला हेच म्हणतात, घडवून आणणारे मात्र वेगळे असतात. पान कसं वळलंय ते सांगा.

कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, मिलिमीटरभर लांबीच्या पिवळट रेघा पळताना दिसतील. कडा खाली वळून होडी उपडी झाली असेल, देठ लांबलेला असेल, तर पिवळा कोळी. हा कीटकच नाही, आठ पायांचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव, भिंग लागतंच. आणि पानं बारीक, चुरगळलेली, सगळं झाड झुडपासारखं खुरटलेलं, हलवलं की पांढऱ्या माश्या उडतात, तर बहुधा विषाणू. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते.

विषाणूला औषध नाही, ते झाड पिशवीत घालून बाहेर काढा म्हणजे शेजारची वाचतील, आणि कुंड्यांमध्ये पिवळे चिकट सापळे लावा. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. भर उन्हात मारलंत तर पानं करपतील. कोळ्यावर निंबोळीचा फार उपयोग होईल असं धरून बसू नका. फुलकिड्यांसाठी मात्र निंबोळी अर्क उत्तम. ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी चोळून फडक्याने दोनदा गाळा, चिमूटभर कपड्याचा साबण विरघळवा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उन्हात त्यातलं कडू द्रव्य लवकर नासतं. दर वेळी ताजा करा, उरलेला मातीत ओता. आठवड्याने पुन्हा.

आधी पान वळलंय कुठे ते बघा. मिरचीच्या बाबतीत मी सगळ्यांना हेच सांगते, कारण कोळ्यावर फुलकिड्याचं औषध मारून हंगाम गेलेली माणसं मी खूप बघितली आहेत.

"कुंडी बदलताना मातीत पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या निघाल्या. हुमणी म्हणून सगळी माती फेकली. ठीक केलं ना?"
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

एवढी माती गेली याचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी एक साधी परीक्षा करा. अळी धुऊन सपाट फरशीवर ठेवा. पाय खाली ठेवून, अंग वाकडं करत सरपटली तर हुमणी धरा. पाय आकाशाकडे करून पाठीवर सरकत चालली तर ती फुलभुंग्याची अळी. ती शेणखत, पालापाचोळा, कुजलेलं लाकूड खाते आणि तिच्या लेंड्यांनी खत होतं. कुंडीत शेणखत भरपूर असेल तर बहुधा हीच निघते. तिला खताच्या ढिगात परत सोडा.

हुमणी मात्र जिवंत मुळं खाते. पाणी घालूनही झाड माना टाकतं आणि धरून उचललं की अलगद हातात येतं. अळ्या वेचून काढायच्या, त्याला पर्याय नाही. मेटारायझियम नावाची बुरशी शेणखतात मिसळून दिली तर ती हुमणीला लागते आणि मेलेली अळी हिरवट भुकटीने माखते. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमणारे तपकिरी भुंगेरे हे हुमणीचे आईबाप. ते गोळा केले तर पुढचं निम्मं दुखणं जातं.

"अंगणात मुठीएवढ्या शंखी गोगलगायी झाल्यात. रात्रीत झेंडूची रोपं फस्त. मीठ टाकू का?"
– एक वाचक, सिंधुदुर्ग

कुंडीत मीठ टाकू नका, माती कायमची बिघडेल. या आफ्रिकेकडच्या गोगलगायी. १८४७ मध्ये एका साहेबाने हौसेने कोलकात्यात सोडल्या आणि तिथून त्या देशभर पसरल्या. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवच्या (तेव्हाचं उस्मानाबाद) शेतकऱ्यांनी यांच्यामुळे सोयाबीनची दुबार पेरणी केली. नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, एका वेळी शंभरावर. मातीत साबुदाण्याएवढी पिवळट अंडी पुंजक्याने दिसली की ती आधी नष्ट करा.

गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी अंगणात पसरा. सकाळी सूर्य वर यायच्या आत त्याच्याखाली जमलेल्या गोळा करून बादलीत मिठाच्या दाट पाण्यात टाका, तिथे मीठ चालेल. हातमोजे घाला. यांच्या अंगातून मेंदूला सूज आणणारा एक बारीक जंत माणसाला लागू शकतो, मुलांना हात लावू देऊ नका, पालेभाजी नीट धुवा. गोळ्यांची औषधं दुकानात मिळतात, पण त्या गोळ्या कुत्रं-मांजर आवडीने खातात आणि मरतात. रोपांभोवती कोरड्या चुन्याचा पट्टा ओढा, पाऊस पडला की पुन्हा ओढावा लागेल.

बोटाच्या पेराएवढ्या, पातळ शंखाच्या आपल्या गावठी गोगलगायी बहुधा कुजकं खातात. त्यांना त्या बादलीत टाकू नका.

"तंबाखूचं पाणी नैसर्गिक आहे, मग ते का नको म्हणता?"
– एक वाचक, सांगली

कारण निकोटीन हे जहर आहे, झाडातून आलं तरी. मधमाश्या आणि ढालकिडे त्याने मरतात, फवारणाऱ्याच्या त्वचेतूनही ते शरीरात जातं. शिवाय टोमॅटो-मिरचीला तंबाखूतूनच मोझॅक विषाणू लागू शकतो. विडी-तंबाखूचे हातसुद्धा साबणाने धुऊन मगच रोपांना लावा.

"तगरीच्या फांदीला फेस वाळल्यासारखा तपकिरी गोळा चिकटलाय. खरवडून काढू? कुंपण छाटायचंच आहे."
– एक वाचक भगिनी, बेळगाव

नको ताई! ते खंडोबाच्या किड्याचं, म्हणजे इतर किडे धरून खाणाऱ्या प्रार्थना कीटकाचं, अंड्यांचं घर आहे. मादी फेस काढते, त्यात ओळीने अंडी घालते आणि फेस वाळून थर्माकोलसारखा होतो, ऊन-पाऊस आत जात नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी त्यातून डझनांनी पिल्लं धाग्याला लोंबकळत बाहेर येतील, मुंगीएवढी, पण पुढचे पाय आत्तापासूनच जोडलेले. तासाभरात ती पांगतात आणि आपापल्या पानावर जाऊन बसतात. फांदीला लाल दोरा बांधून ठेवा म्हणजे माळ्याच्या कात्रीतून सुटेल. बाकीचं कुंपण खुशाल छाटा, ही हातभर फांदी तेवढी पुढच्या महिन्यावर टाका.